मार्थाक्काचं मत

कराडच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघणाऱ्या चारुशीलाच्या कानावर शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं पडत होतं.

"मार्थाक्का, रविवारी चर्चमधी मिस्साला आली न्हाईस?"

"कुठल्या तोंडानं येऊ? माज्या लेकीला मारणाऱ्याला फाशीला लावतो, असं जो उमेदवार म्हणला, त्यालाच मी मत दिलं."

"आईचं काळीज हाय. देवाला कळतंय."

"पोटातलं पोर पाडू नगा, जीव देवाचा हाय, असं मीच बायकांना सांगत फिरायची गं. आन फाशीला मत बी मीच दिलं."

"आता काय झालं?"

"काल कोर्टानं त्या मारणाऱ्याला फाशी सुनावली. त्याची आई कोर्टात माज्या शेजारीच हुती. नुसता माजा पदर धरून बसली."

"मग?"

"मी पदर सोडवून घेतला आन भायेर आले."