पौर्णिमाची गोधडी

— नाही बाई, तुमच्या शिवनाच्या गटात माहं नाव नका घेऊ. चहा घ्या, निवांत बसा, पन नाव नका घेऊ. शिवता येते का म्हनता? येते ना — हे अख्खी गल्ली माह्याच हाताखाली शिकली. पयला गट रागिणीनं काढला, माह्या ननदेची पोरगी, अमरावतीले देल्ली आहे. मले म्हने, मामी, तू घरीच बसून गोधड्या शिव, बाहेरचं सारं माह्यावर सोड. अन् खोटं कावून बोलू — तिच्याच पायी परतवाड्याच्या बाया कामाले लागल्या. म्हनून तं तिनं ट्रंकेतली गोधडी मांगितली, तवा मी नाही म्हनू शकली नाही. थे माह्या पौर्णिमाच्या फ्राकायची. माही लेक — पाचवीत होती, तापानं गेली. तिचे सारे फ्राक कापून मी तुकड्याले तुकडा जोडला. त्यातला पिवया कपडा रागिणीच्याबी फ्राकाचा, दोघीचे एकाच थानातून शिवले होते मी, दिवायीले. मंग थे गोधडी कोनाची हे तिले मालूम नव्हतं, असं कसं म्हनता? मी म्हनलं, दाखवाले ने, पन वापस आन. थे म्हने, मामी, हे काय सांगाची गोष्ट आहे का?

गटाच्या कार्यक्रमाले आमाले सगळ्यायले अमरावतीले नेलं, समोरच बसवलं. रागिणी माइकवर बोलली — शालीऐवजी आमच्या बायकांच्या हातची ऊब — अन् थे गोधडी पाहुण्याच्या खांद्यावर टाकली. माह्या पौर्णिमाची! लोकायनं टाया वाजवल्या. मीबी वाजवल्या. कावून? मलेच समजलं नाही, हात आपोआप उठले. मागून इचारलं तं म्हने, "मामी, ऐनवेयी शाल घरीच राह्यली ना. तू दुसरी शिव, तुह्या हातात काय कमी आहे?"

दुसरी. लेकबी दुसरी आनू का?

मंग मीच गेली त्या पाहुण्या साहेबाच्या घरी, इचारत इचारत. सून चांगली होती बिचारी, पानी देल्लं, आत नेलं. साहेबाचा बाप, वाळून काडी झालेला बुढा, थेच पांघरून निजला होता. सून म्हने, याच्याबिगर झोपच लागत नाही आता त्यायले. कोन्या तोंडानं मांगू? एक कोपरा उसवला होता — सुई-दोरा मांगितला, त्यायच्या पायथ्याशी बसून टाके घातले अन् आली निघून. तवापासून सुई हाती धरली नाही.

रागिणीचा फोन येते, मी उचलत नाही. येवो का न येवो, मले काय त्याचं? — मघाशी तुमची गाडी थांबली तं वाटलं, थेच असन. म्हनून तं पदर सारखा करून बाहेर आली. तुमी होत्या.

पन तुमाले माहं घर कोनं दाखवलं?

...रागिणीनं पाठवलं?

बरी आहे का थे? — नको. सांगू नका. कप राहू द्या तिथंच. या आता तुमी.