सात नंबरची खोली

मंडळी, आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. देवाच्या दारात कुलूप कशासाठी? चोरासाठी? बरोबर! पण ज्या खोलीत चोरण्यासारखं काहीच नाही, साधी घागरसुद्धा नाही, त्या खोलीला कुलूप कशासाठी? बोला की! मृदंगवाले बुवा हसतायत. हसून घ्या बुवा, शेवटी तुमच्याकडेच येणार आहे मी!

तर ऐका. वडथाण नावाचं गाव. भैरवनाथाचं ठाणं. गावाशेजारी कारखाने आले, कामाला माणसं आली आणि भाडी जी वर चढली, ती खाली उतरायचं नाव घेईनात! एकानं तर गोठ्यात फरशी बसवली आणि वर पाटी लावली — ‘खोली भाड्याने देणे’. म्हशी उन्हात, माणसं गोठ्यात!

या गावात सगुणाबाई राहायची. देवळाचं अंगण झाडायची, यात्रेआधी भक्तनिवास धुऊन काढायची. वीस वर्षं! नवरा दत्तोबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. भाड्याची एक खोली, तळमजल्याची, तेवढंच तिचं सुख. फाल्गुनात घरमालक दारात आला.

“मावशी, पाडव्याला खोली मोकळी करा. कंपनीची चार पोरं यायची हायती.”

“आन् ह्यास्नी कुठं नेऊ?”

“ते मी कसं सांगू?”

मंडळी, बाई दारोदार हिंडली! एक म्हणतो, आजारी माणूस नको. दुसरा म्हणतो, डिपॉझिट आधी ठेवा. तिसरा चांगला भेटला, भाडंही बेताचं — पण खोली तिसऱ्या मजल्यावर! दत्तोबाला खांद्यावर घेऊन जिना चढायचा? पाडवा आठ दिवसांवर आला आणि खोली काही मिळेना!

त्याच दिवशी ती भक्तनिवास झाडायला गेली. चाळीस खोल्या! प्रत्येक दारावर संगमरवरी पाटी — अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या स्मरणार्थ. यात्रेचे आठ दिवस उघड्या, बाकी वर्षभर वटवाघळांच्या ताब्यात. सात नंबरचं कुलूप तिनं थेंबभर तेल घालून उघडलं. तळमजला. पूर्वेला खिडकी. नळाला पाणी. बाई हातातला झाडू विसरली आणि भिंतीला टेकून बसली. इथं त्यांची खाट मावंल, तिच्या मनात आलं. आणि मनात आलं ते काही जाईना!

दुसऱ्या दिवशी सभामंडपात यात्रेची बैठक. मधोमध देवस्थानचे अध्यक्ष, दिगंबरशेठ पोकळे. पताका किती, तमाशा कुठला, सगळं ठरलं. आणि मागून झाडूवाली सगुणाबाई उठून उभी राहिली!

“शेठ, भक्तनिवासातल्या खोल्या परवडंल अशा भाड्यानं द्या. कारखान्यात झाडलोट करणाऱ्या बाया हायती, हमाल हायती, आमच्यासारखी म्हातारी हायती. भाडं देवाला मिळंल. छप्पर आम्हास्नी मिळंल.”

दिगंबरशेठ लाल झाले.

“त्या खोल्या यात्रेकरूंच्या आहेत! माझे वडील गेल्यावर सात नंबरवर मी त्यांचं नाव कोरून घेतलंय. त्या पाटीखाली तुम्ही लुगडी वाळत घालणार?”

दुसरी कुणी असती तर खाली बसली असती. पण सगुणाबाईला दत्तोबाची खाट दिसत होती. तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. “चला तर. वडलांच्या नावाचं काय झालंय ते बघू.”

निघाली वरात! पुढं झाडूवाली, मागं अध्यक्ष, त्यामागं अख्खी सभा. सात नंबरच्या दाराशी आले, तर पाटीवर काय? कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! ‘कै.’ तेवढं दिसतंय, पुढचं नाव गायब!

“बघा शेठ,” सगुणाबाई म्हणाली, “हिनं ना भाडं दिलं, ना डिपॉझिट. हिला चालतंय, मग माणसाला का न्हाई?”

लोक हसले. शेठ नाही हसले. सगुणाबाई हळू आवाजात पुढं बोलली, “ही खोली पुरी झाली तवा फरशी म्या धुतली व्हती. तुमचं वडील हितंच उभं व्हतं. म्हणालं, सगुणे, मी या गावात आलो तवा म्हैनाभर लोकांच्या ओट्यावर निजलो. तसं कुणावर येऊ नये, म्हणून ही खोली.”

दिगंबरशेठनं ते मातीचं घर बोटानं हळूहळू खरवडलं. बापाचं नाव एकेक अक्षरानं बाहेर आलं. डोळ्यांत पाणी आलं माणसाच्या! आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्या बापाला मीच कुलूप घातलं होतं.”

वाजवा टाळ! जोरात!

पण एकजण आडवा आलाच — “अहो, मग यात्रेकरू कुठं उतरायचे?” सगुणाबाई म्हणते, “आमच्याकडं! खोली आमची, तर पाव्हणं बी आमचं!” ठरलं! भाडं बेताचं, कागद पक्का, आणि यात्रेचे आठ दिवस प्रत्येक बिऱ्हाडानं यात्रेकरूंना घरात घ्यायचं. पाडव्याला दत्तोबाची खाट सात नंबरात आली. दाराला गुढी! चैत्री पौर्णिमेपर्यंत चाळीसच्या चाळीस खोल्यांत चुली पेटल्या.

यात्रा आली. दरवर्षी बिचारे यात्रेकरू उघड्या फरशीवर पथारी पसरायचे. यंदा दारात रांगोळी, आंघोळीला कढत पाणी, ताटात गरम भाकरी! दूरच्या गावची एक म्हातारी सगुणाबाईच्या गळ्यात पडली. “बाई गं, इतकी वर्सं धरमशाळेत उतरत व्हते. औंदा म्हायेरी उतरले!” आणि दिगंबरशेठ? रोज सकाळी सात नंबरवर चहाला! पाटी पुसलेली, तिच्यावर ताजं फूल, आणि शेजारच्या दोरीवर सगुणाबाईचं लुगडं झकास वाळतंय. शेठ ते हातानं बाजूला करून आत जातात!

आता मंडळी, तुमच्याकडे वळतो. मान खाली घालू नका! इथं कुणाच्या माडीवर खोली बंद आहे? पोरगा पुण्याला, सून पुण्याला, आत नुसती जुनी गादी. भाडेकरू आला तर विचारता — आजारी कोण आहे? पोरं किती? अहो, देव आला तर त्यालाही विचाराल, डिपॉझिट आणलंय का! बुवा, तुम्ही का हसायचं थांबलात? तुमचीही माडी बघितलीय मी!

उद्या काला आहे. येताना दही आणा, लाह्या आणा. आणि ज्याच्या घरी खोली बंद आहे, त्यानं ते काही आणू नये. त्यानं फक्त किल्ली आणावी.