पन्नास केबीच्या आतला फोटो

आमची शोभावहिनी मोहर्लीच्या जंगलात सफारी गाईड कशी झाली, ते तुमाले सांगतलंच नाई. अर्जाचा शेवटचा दिवस होता अन् मोबाईलवरून तिचा फोटो काही चढेना.

वहिनी म्हणाली, "पन्नासच्या आत पायजे म्हणते. माहा तर चारच हाये, मंग काऊन घेत नाई?"

"वहिनी, पन्नास केबी पायजे. तुहा चार एमबीचा हाये, म्हंजे चार हजार केबी."

"एवढी मोठी हाये मी?" वहिनी खूशच झाली.

मी फोटो लहान करत करत बारा केबीवर आणला. अर्ज गेला, पण वहिनीचा चेहरा पार धूसर झाला.

मुलाखतीत साहेबानं विचारलं, "हा फोटो तुमचाच आहे का?"

"माहाच हाये साहेब. धुक्यात वाघ याच्याहून धूसर दिसते, तरी मी त्याले ओळखते."

साहेबाच्या नाकात चहा गेला, अन् वहिनीले गाईडचा ड्रेस भेटला.