तुळशीतली तार

मंडळी, पास्कूच्या शोकसभेला त्याच्या घरची माणसं समोर बसली आहेत, आणि मी बोलतोय तो माइक पास्कूच्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला आहे. तेव्हा जरा अडखळलो तर सांभाळून घ्या.

आपल्या कट्टा गावात वीज नवी होती तेव्हा पास्कूनं हे यंत्र घरी बनवलं. ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा हातानं गुंडाळली. शंभर वेढे झाले की एक चिंचोका बाजूला. या सभागृहात पहिल्यांदा चालू केलं, आणि आवाजाच्या आधी घुमणं आलं. त्यानं मला विचारलं, "मास्तरांनू, ह्यां खंयसून घुमता?"

कुठून घुमतं? दिवसभर त्याला दुसरा विषयच नव्हता. ट्रान्सफॉर्मर थोडा थोडा फिरवून कान देई. घुमणं कमी होई, जात नसे. शेवटी म्हणाला, "वेढेच चुकले आसतले." आणि सगळी तार उलगडली. आठ दिवस पुन्हा चिंचोके.

मंडळी, वेढे चुकले नव्हते. चुकलो मी. त्यानं विहिरीपाशी सळई पुरून अर्थिंग दिलं होतं. आदल्या दिवशी जोडणी करताना माइकच्या दांड्याला हात लागून मला झिणझिण्या आल्या. मी घाबरलो. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत ओल कुठे असते? तुळशीत. रोज पाणी पडतं. म्हणून कुणाला न सांगता मी दांड्यापासून दुसरी तार शेजारच्या माझ्या तुळशीत नेऊन पुरली. एकापेक्षा दोन बरी, असं वाटलं. दोन ठिकाणी अर्थिंग दिलं की यंत्र घुमतं, हे त्या आठ दिवसांत पुस्तकात सापडलं. गुपचूप तार काढली. घुमणं थांबलं. पास्कू नव्या वेढ्यांवर खूश. आणि मी गप्प. विज्ञान शिकवणारा मी.

पुढे भेटला की विचारायचा, "तुळशीक पाणी घालतास मां?" मला वाटे, हा ख्रिस्ती माणूस किती आस्थेनं विचारतो.

काल त्याच्या बायकोपाशी, मारीबाईंपाशी, सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "तेंका तेव्हाच कळला होता. तुळशीतली माती उकरलेली दिसली. म्हणाले, मास्तर पोरांका विज्ञान शिकयतत. रवांदे, कोणाक सांगा नको."

पास्कू, माझं चुकलं रे.

यंत्र दुरुस्त झालं की तो सगळ्यांना गप्प बसवायचा आणि भोंग्याला कान लावायचा, घुमत नाही ना बघायला. आपणही उभे राहू. यंत्र चालूच राहू दे. दोन मिनिटं कान द्या. काही ऐकू आलं नाही, तर ते त्याचं काम आहे.