बिनमिठाची पेज

माझं माहेर कोपरीचं. खाडीच्या कडेला मिठागरं आहेत ना, तिथे माझा बापूस कामाला, आजाही तिथेच, आणि मी चालायला लागली तीसुद्धा मिठाच्या बांधावर, असं आयस सांगायची. शाळा काही नाही, मास्तर. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडायचं, उन्हाने ते आटत जातं, खारट होत जातं, आणि मग एक दिवस शेवटच्या वाफ्यात सोडायचं, तिथे मीठ धरतं. तो दिवस कुठला हे कसं कळायचं? बापूस बोट बुडवायचा आणि जिभेला लावायचा, बस. मला बोलवायचा, ए चांगुणे, जीभ काढ, आणि एकेका वाफ्याचा थेंब माझ्या जिभेवर ठेवायचा, सांग, कुठलं पाणी पुढे आहे. दहा वर्षांची झाली तोवर मला सगळं यायला लागलं होतं. बापूस मिठागरातल्या माणसांना सांगायचा, आमच्या पोरीची जीभ म्हणजे तराजू. मोठेपणा सांगते असं समजू नका, खरं ते सांगते. आणि त्याच जिभेने मला पुढे तोंडघशी पाडलं, तेही सांगणार आहे.

लगीन होऊन बाळकुमला आली. सासरी भाताची खाचरं, आणि एक वाडी, वाडीत विहीर. खाडी इथूनही लांब नाही, मोठ्या भरतीला बांधाला पाणी लागतं, पण विहीर गोड. विहिरीवर रहाट होता, लाकडाचं चाक आणि त्याला मातीचे लोटे बांधलेले, एक रेडा गोल फिरायचा आणि लोटे भरभरून वर यायचे. रेडा दमला की उभा राहायचा, आपणही उभं राहायचं. त्या पाण्यावर तोंडली, वांगी, भेंडी, पडवळ, आणि टोपली डोक्यावर घेऊन मी ठाण्याच्या बाजारात. तुमची आई माझ्याकडूनच तोंडली घ्यायची. एक मोडून बघायची, आत लाल निघालं की परत माझ्या टोपलीत टाकायची, आणि मी चिडली की हसायची. बोलायची, चांगुणा, तुझी जीभ गोड आणि तोंडली जून. असो. कुठे होती मी?

हां, इंजिन. लढाईच्या दिवसांत आमचे हे कल्याणला लष्कराच्या छावणीत कामाला लागले, मोटारींच्या कारखान्यात, आधी नुसते पाना दे, चिंधी दे, मग हळूहळू हात बसला. कान लावून सांगायचे, हिच्या पोटात काय बिघडलंय ते. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, छावणीतल्या सामानाचे लिलाव निघाले, आणि एक दिवस बैलगाडीतून इंजिन घरी आलं, पंपासकट. काय सांगू तुम्हाला, सगळं गाव वाडीत. नारळ फोडला, झेंडूची माळ घातली, ह्यांनी दांडा फिरवला तेव्हा पहिल्यांदा नुसता धूर, दुसऱ्यांदा नुसता धूर, लोक हसायला लागले, आणि तिसऱ्यांदा जे धडधडायला लागलं ते पाणी असं आलं, मनगटाएवढी धार, पाट भरून वाहायला लागला. बायका पाटात पाय घालून उभ्या राहिल्या. सासूने विचारलं, हे खातं काय? हे बोलले, तेल. सासू बोलली, आणि शेण किती देतं?

रेडा गेला सासूच्या भावाकडे. रहाट मोडून चुलीला घालू असं हे बोलले, तर म्हातारी त्या चाकावर जाऊन बसली. माझ्या सासऱ्याने बसवलेलं आहे, माझ्या सरणाला घाला, तोवर हात लावायचा नाही. मग तो तसाच राहिला, लोटे पालथे करून, त्यांत पाली राहायला लागल्या.

पुढल्या साली मी माहेरी गेलेली. मिठागरात गाड्या ओढायला बैल असतात. खाऱ्या चिखलात उभे राहून खुरं फाटतात, जूचा घट्टा फुटतो, त्यात मीठ जातं. असा एक बैल बांधाखाली पडलेला, मानेला जखम, जखमेत किडे, आणि कावळे बसलेले. गाडीवाला बोलला, न्यायचा तर ने बाई, आजचा नाही तर उद्याचा आहे तो. कोपरी ते बाळकुम, एरवी मी टोपली घेऊन सकाळी जाऊन जेवणवेळेला परत येते, त्याला घेऊन यायला मला अख्खा दिवस लागला. दहा पावलं चालायचा, उभा राहायचा. मीही उभी राहायची. घरी आली तर हे कपाळाला हात लावून बसले. बोलले, इंजिन आणलं म्हणून रेडा घालवला, आणि तू हा सांगाडा घेऊन आलीस? मी बोलली, तुमचं इंजिन तुम्ही बघा, माझा बैल मी बघते.

सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरला, किडे बाहेर पडले. निंबाच्या पाण्याने रोज मान धुतली, हळद आणि खोबरेल लावलं. खुरांच्या भेगांत करंजाचं तेल, वर गोणपाट बांधायचं. पहिले पंधरा दिवस मान उचलत नव्हता, आणि मग एक दिवस मी पेज घेऊन गेली तर उठून उभा. सासूने नाव ठेवलं, मिठ्या. पुढे गावात झालं, चांगुणेकडे न्या, चांगुणेकडे न्या. ठाणे स्टेशनावरच्या टांगेवाल्याने टाकून दिलेली घोडी आली, पाय मोडलेल्या शेळ्या आल्या. घोडी माझ्या हातून वाचली तेव्हा कौतुक करायला वरच्या आळीच्या बायका आल्या. आणि मास्तर, माणूस चढतो. मला वाटायला लागलं, जनावराचं मला न कळणारं असं काही नाहीच.

तर तो चैत्र. ऊन म्हणजे काय, पाटाच्या कडेचं गवतसुद्धा उभं जळलेलं. ह्यांनी वाडी वाढवलेली, शेजाऱ्याचा पडीक तुकडाही कसायला घेतलेला, आणि इंजिन सकाळी लागायचं ते दिवस मावळेपर्यंत. अशात भेंडीची पानं कडेने करपायला लागली. मग पडवळ. हे बोलले, पाणी कमी पडतंय. आणखी चालवलं. पानं आणखी करपली. आणि त्याच दिवसांत मिठ्याने पाणी सोडलं.

जनावरांच्या पाण्याच्या डोणीजवळ यायचा, नाक लावायचा, आणि तोंड फिरवायचा. एक दिवस, दोन दिवस. डोळे आत गेले, नाक कोरडं. मी ओवा, आलं, गूळ उकळून काढा केला आणि बांबूच्या नळकांड्याने घशात ओतला. त्याने खोकून अर्धा माझ्या अंगावर टाकला. पुन्हा ओतला. जितका काढा जास्त, तितका तो खराब. आमच्याकडे गोमा म्हणून म्हातारा होता, जनावरांना डाग द्यायचा. त्याने पोट दाबून बघितलं, बोलला, आतून जळतंय ह्याचं, उद्या सकाळी डाग देऊ, नाहीतर परवा ओढून न्यायला माणसं बोलव. मी हो बोलली. मीच हो बोलली, दुसऱ्या कोणी नाही.

आता इथे लक्ष द्या. आम्ही घरी प्यायला पाणी आणायचो गावच्या तळ्यावरून, ते घराला जवळ. वाडीचं पाणी भाजीला आणि जनावरांना. तर सकाळी वाडीतच तीन दगड मांडून विस्तव केला, गोम्याने त्यात विळा घातला तापायला. म्हटलं, डाग देण्याआधी त्याच्या पोटात काही जाऊ दे, म्हणून त्याच विस्तवावर मूठभर कण्यांची पेज ठेवली, वाडीच्याच पाण्यात. आजारी जनावराच्या पेजेत मी कधी मीठ घालत नाही. जास्त गरम तर नाही ना बघायला बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. खारट.

मी उलटी वळून सासूवर ओरडली, आत्या, मीठ टाकलंत कशाला? ती बोलली, मी कशाला टाकू? मी बोलली, मग काय पेजेला घाम आला? ती बोलली, तुझ्या हाताला लागलं असेल, मिठागराची ना तू! दोघींचं चांगलं जुंपलं, गोमा विळा उलटापालटा करतोय, मिठ्या बघतोय. आणि बोलता बोलता माझा हात थांबला. बाजूला घागर होती, तिच्यात बोट घातलं. मग डोणीत. मग पाटात. मग धावत पंपाच्या धारेखाली ओंजळ धरली. पावसाळ्यात वरून गोडं पाणी उतरतं तेव्हा खाडी जशी लागते ना, तशी ती धार. समोर तीन-चार दिवस मिठ्या मला तेच सांगत होता, आणि मी त्याच पाण्याचा काढा करून त्याच्या घशात ओतत होती. ही माझी जीभ! तराजू!

गोम्याने विळा उचललेला, लालबुंद. मी बोलली, खाली ठेवा काका. तो बोलला, आता नाय दिला तर मरेल. मी बोलली, आधी पाणी चाखा. तो थुंकला आणि विळा खाली ठेवला.

आता ह्यांना सांगायचं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. मी हाताने खूण केली, बंद करा. ते डोकं हलवतात, नाही. जवळ जाऊन कानात ओरडली, विहीर खारी झाली. ते बोलले, माझ्या आज्याची विहीर आहे ती, गोड आहे. तुला पहिल्यापासून इंजिन डोळ्यांत खुपतंय. आजूबाजूच्या वाडीतली माणसं गोळा झालेली, त्यांच्यासमोर. मला भांडता आलं असतं, पण मी तशीच घरी गेली. तळ्याचं पाणी घरून आणलं, एका घमेल्यात ते, एका घमेल्यात धारेखालचं, आणि मिठ्याला सोडला.

तो कसा चालला म्हणून सांगू, पाय लटपटत होते. धारेच्या घमेल्याला नाक लावलं, तोंड फिरवलं. दुसऱ्याला नाक लावलं, आणि तोंड घातलं ते वर काढलंच नाही. घमेलं तळापर्यंत कोरडं केलं, पुढे ढकलत ढकलत चाटलं. ह्यांनी धारेखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला, थुंकले. दुसरा घेतला. मग गेले आणि तेलाची तोटी बंद केली. इंजिन दोन-चार आचके देऊन थांबलं, आणि इतक्या महिन्यांनी वाडीत पाखरं ऐकू आली.

बापूस येऊन बघून गेला. बोलला, खाडीकाठची जमीन आहे, गोडं पाणी वर तरंगतं, खाली खारं बसलेलं असतं. हळूहळू उपसलं तर वरचं येतं. तुम्ही एका दमात वरचं सगळं ओढून घेतलंत, मग खालचं चढणारच. रेडा दमायचा, म्हणून विहीर राहिली होती. इंजिन दमत नाही.

त्या साली भेंडी गेली, पडवळ गेलं. तोंडलीचे वेल तेवढे तळ्याचं पाणी डोक्यावरून आणून जगवले, मी आणि हे दोघांनी. पुढचा पाऊस गेला, त्याच्या पुढचा गेला, मग विहीर गोडीला आली. रहाट पुन्हा बांधला. सासू सगळ्यांना सांगत फिरली, माझ्या सरणाच्या लाकडावर वाडी चालते. त्या रहाटाला मिठ्याच होता, ऊन चढायच्या आत थोडे फेरे, तेही त्याच्या मनाने. मी त्याला जुंपणार नव्हती, सांगते, तोच एक दिवस येऊन चाकाशी उभा राहिला.

इंजिन विकलं नाही. आता रोज सकाळी मी विहिरीवर जाते, पाणी चाखते, हे दांडा हातात घेऊन उभे असतात, मी मान हलवली की फिरवतात. रोज थोडाच वेळ चालतं. मी नाही बोलली की दांडा खुंटीला, त्या दिवशी रहाट. लोक ह्यांना हसतात, बायकोच्या जिभेवर इंजिन चालतं. हे बोलतात, तुमचं कशावर चालतं ते सांगा आधी.

मिठ्या गेल्या भाद्रपदात गेला. म्हातारपणाने गेला, गोठ्यात, माझ्या समोर. त्याच्या अंगावर कुठे डागाची खूण नव्हती, एवढं मला पुरे आहे. आता एक आंधळा रेडा आहे, दोन शेळ्या आहेत. हल्ली कारखान्याची माणसं जमीन बघत फिरतात, आमच्या बांधावरही येऊन गेली. येऊ देत. विचारतील तेव्हा सांगू, आज तरी वाडी आहे आणि मी आहे.

तुम्ही लिहून घेताय, घ्या. पण आई गेल्यापासून तुम्ही वाळत चाललाय, वहिनी सांगत होती, ताट पुढे केलं की तोंड फिरवतात. मी तुम्हाला खा बोलणार नाही. मिठ्याला मी तीन दिवस औषध म्हणून खारं पाणी पाजलं, तेव्हापासून कोणाच्या घशात काही ओतत नाही. तुमचं तुम्हाला कळेल तेव्हा खाल. जगा चांगले, पोराबाळांत राहा. ही तोंडली घेऊन जा, कोवळी आहेत, मोडून बघायची तर बघा, मी चिडणार नाही. आणि हा तांब्या घ्या. वाडीचंच आहे. सकाळी चाखलंय मी.