न हलणारा ठिपका

अक्काच्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. डोळ्यांच्या दवाखान्यात अक्का आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर दोघे भाऊ होते, त्यांतला धाकटा वैमानिक.

"डोळे ठणठणीत आहेत म्हणाले ना डॉक्टर? मग चल घरी."

"दादा, तो ठिपका अजून दिसतोय."

"माशी असेल रे."

"माशी हलते. आम्हाला आधी हेच शिकवतात. समोरच्या काचेत जे विमान सरकतं, ते बाजूनं निघून जातं. जे जागचं न हलता नुसतं मोठं होत जातं, ते आपल्यावरच येत असतं."

"आणि हा तुझा ठिपका?"

"हलत नाही. परवा मोहरीएवढा होता, आज वाटाण्याएवढा झालाय."

"मग वळ की बाजूला! विमानात वळतोस ना?"

"तिथं यंत्र ओरडून सांगतं, वर चढ, नाहीतर खाली उतर. इथं मी वळलो की तोही वळतो."

"डोकं खाऊ नकोस माझं. आत्ता कुठे आहे?"

"तुझ्या खांद्यामागे, दारात."

अक्कानं दाराकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. दादानं मात्र मान वळवली नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी धाकटा भाऊ गेला, अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या.