चार ठिपके

शाळेला उशीर होत होता, तरी ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेली शिक्षिका दुकानात ताटकळत उभी होती. तिच्या पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं आणि काउंटरवरच्या मुलीचं काही आटपेना.

“यातले तारे कुठे गेले?”

“कुठले तारे, काका? पांढरे ठिपके होते, ते मी पुसले. मला वाटलं, धूळ आहे.”

“अगं, तो त्रिशंकू होता, दक्षिणेकडचा चार ताऱ्यांचा! क्षितिजाला इतका टेकलेला असतो, की समोरच्या गोदामांच्या दिव्यांत पार बुडून जातो. अकरा संध्याकाळी गच्चीवर बसलो, दोनशे फोटो संगणकावर एकावर एक चढवले, तेव्हा कुठे हाती लागला.”

“सॉरी काका. मूळ फोटो आहे माझ्याकडे. लगेच काढून देते.”

“आणि आता तुझ्या मनाचं काही करू नकोस. आहे तसा हवा.”

प्रिंटर घरघरला. काकांनी नवा फोटो हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

“आता आले ना तारे?”

“आले. पण फारच बारीक दिसतात गं. माझ्या बहिणीला द्यायचाय. लहानपणी त्रिशंकू तिनेच मला दाखवला होता. आता ती अंथरुणातून उठत नाही, नजरही अधू झालीय. हे चार ठिपके जरा मोठे करशील?”

“करते की. पण मग आहे तसा नाही राहणार.”

“नाही राहिला तर नाही राहिला.”

“किती मोठे करू?”

“मला बोट ठेवून दाखवावं लागू नये, एवढे.”